पडद्यावरचा पांढरा ठिपका



आज मी तुम्हाला बियाण्याबद्दल किंवा फवारणीबद्दल सांगणार नाही. सांगणार आहे ते रात्री वावर राखायच्या एका यंत्राबद्दल, आणि त्या यंत्रापायी माझ्या हातून होता होता राहिलेल्या एका अपराधाबद्दल. कृषी खात्यात तीस वर्षे फिरतो आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी आहे, म्हणून लोक विचारतात आणि मी सांगतो. विचारलेले सगळेच आपल्याला कळते असे नाही, हे मला त्या रात्री समजले.

गोष्ट अकोट तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. मार्गशीर्षातली थंडी. तुरीला शेंगा भरत होत्या, हरभऱ्याला पाणी चालू होते. त्या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही यांचा त्रास किती, हे तुम्हाला मी काय सांगावे? एका रात्रीत कळप फिरला की सकाळी वावरात पीक कमी आणि खुरांचे ठसे जास्त. जंगल जवळ असल्यामुळे अस्वलाचीही भीती. ज्या घरी मी उतरलो होतो त्या भाऊंनी जेवताना सांगितले, "साहेब, पोट्ट्यानं रातची दुर्बीण आनली. अंधारात जनावर दिसते म्हनते. तुमी पाहा बरं एकडाव."

पोरगा बी.ए. झालेला, हुशार. त्याने खोके काढून दाखवले. एका चांगल्या गोऱ्ह्याची किंमत मोजून आणलेले यंत्र. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते : ५०० मीटर. खाली बारीक अक्षरांत आकडेच आकडे होते, ते त्यानेही वाचले नव्हते आणि मीही वाचले नाहीत. आम्ही दोघे धुऱ्यावर जाऊन बसलो.

खरे सांगतो, पहिल्यांदा त्यातून पाहिले तेव्हा मी लहान पोरासारखा हरखलो. काळ्या पडद्यावर पांढरी कुत्री पळत होती. बोराटीखालचा ससासुद्धा दिसला. नुसत्या डोळ्यांनी हाताचा पंजा दिसत नव्हता, आणि यंत्रात मात्र अख्खे शिवार जागे होते. तासाभराने शेजारच्या हरभऱ्याच्या कडेला एक पांढरा ठिपका हलताना दिसला. बुटका, लांबट, थांबून थांबून पुढे सरकणारा. पोरगा म्हणाला, "साहेब, डुक्कर हाय ना थे?" मी यंत्र हातात घेतले, क्षणभर पाहिले आणि साहेबी आवाजात म्हणालो, "डुक्करच आहे."

तुरीच्या ओळीआडून आम्ही ठिपक्यापासून ऐंशीएक मीटरवर गेलो. पोराने गोफणीत लिंबाएवढा दगड घातला. त्याचा हात चांगला चालतो, लहानपणापासून ज्वारीची राखण केलेला. मी पुन्हा पाहिले. ठिपका थोडा मोठा झाला होता, पण आकार तोच. गोफण डोक्यावरून एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि तेवढ्यात पडद्यावरचा तो ठिपका उभा झाला. उभा म्हणजे सरळ, दोन पायांवर. मी ओरडलो. दगड सुटला तो वाकडा सुटला, आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला. अंधारातून बाईचा आवाज आला, "कोन हाय रे तिकडं? मी पानी वलून रायली, दिसत नाई का?"

शेजारच्या घरची सून होती. लाईन रात्रीची, नवरा मोटारीजवळ विहिरीवर, आणि ती फावड्याने वाकून बारे मोडत होती. "वैनी, चुकलो," एवढेच तो पोरगा बोलला. माझ्या तोंडून तर तेही निघाले नाही. गोफणीचा दगड कपाळावर बसला तर काय होते ते आपण सगळे जाणतो. चूक पोराची नव्हती. "डुक्करच आहे" असे सांगणारा मी होतो.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी खोक्यावरचे बारीक आकडे वहीत उतरवून घेतले आणि अमरावतीला अभियांत्रिकीला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, ह्या आकड्यांत सगळं लिहिलेलं आहे. ५०० मीटरवर फक्त काहीतरी आहे एवढंच दिसतं, कोण आहे ते दिसत नाही." पुढे दोन दिवस त्याने मला जे शिकवले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. असली यंत्रे आता तालुक्याच्या गावातही येऊ लागली आहेत. घ्यायचे तर समजून घ्यावे.

आधी यंत्र पाहते काय ते समजून घेऊ. १८०० साली विल्यम हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा जास्त चढला. डोळ्यांना न दिसणारे हे किरण प्रत्येक ऊबदार वस्तूतून निघतात. तुमच्या-माझ्या अंगातून, बैलाच्या पाठीतून, उन्हात तापलेल्या दगडातून. हे यंत्र तेच किरण टिपते. त्याला चांदणे लागत नाही, बॅटरी मारावी लागत नाही. दुकानात 'नाइट व्हिजन' म्हणून दुसरा एक स्वस्त प्रकार मिळतो, त्याला थोडा उजेड किंवा स्वतःची न दिसणारी बत्ती लागते. दोन्हींत गल्लत करू नका. दुकानदार ज्याला 'थर्मल' म्हणतो ते उष्णता पाहणारे.

ही उष्णता साध्या काचेतून येत नाही. म्हणून या यंत्राचे भिंग जर्मेनियम नावाच्या पदार्थाचे असते. आपल्या डोळ्यांना ते आरपार दिसत नाही, धातूसारखे चकाकते. घराच्या खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहाल तर काहीच दिसणार नाही. यंत्र बिघडले असे समजू नका. मधून मधून 'टक्' असा आवाज होऊन चित्र क्षणभर थांबते, तेही बिघाडाचे लक्षण नव्हे. यंत्र आपला काटा शून्यावर आणून घेत असते, जसा काटेवाला माल टाकण्याआधी तराजू पाहून घेतो.

आता आकडे. पहिला आकडा सेन्सरचा : २५६ गुणिले १९२, ३८४ गुणिले २८८, किंवा ६४० गुणिले ५१२. आपल्या माय-बहिणींना हा सर्वांत लवकर कळेल, कारण ही ठिपक्यांची रांगोळी आहे. सेन्सरवर उष्णता ओळखणारे इतके ठिपके आडवे आणि इतके उभे मांडलेले असतात. २५६ गुणिले १९२ म्हणजे सुमारे ४९ हजार ठिपके, ६४० गुणिले ५१२ म्हणजे सव्वातीन लाखांच्या वर. चार ठिपक्यांत मोर काढता येत नाही. मोर आणि कोंबडा वेगळे दिसायचे तर ठिपके भरपूर हवेत.

येथे एक लबाडी चालते. डोळा लावायच्या पडद्याचेही ठिपके असतात आणि ते १०२४ गुणिले ७६८ असे मोठाले असतात. दुकानदार तोच आकडा पुढे करतो. पडदा कितीही बारीक असो, सेन्सरला जे दिसले नाही ते पडदा कुठून दाखवणार? अंगण मोठे केले म्हणून रांगोळीचे ठिपके वाढत नाहीत. तेव्हा "सेन्सरचे ठिपके किती?" असे स्पष्ट विचारा. 'झूम'चेही तसेच. 'आठ पट झूम' म्हणजे वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरण्यासारखे आहे. ठिपके मोठे होतात, चेहरा स्पष्ट होत नाही.

दुसरा आकडा मायक्रॉनचा, म्हणजे एका ठिपक्याच्या आकाराचा. हल्लीच्या यंत्रांत तो बहुधा १२ असतो, जुन्यांत १७. तिसरा आकडा भिंगाचा, मिलिमीटरमध्ये : १०, १५, १९, २५, ३५. हे दोन आकडे एकत्र घेतले की अंतराचा सगळा हिशेब हातात येतो. पुतण्याने मला एक सोपी रीत दिली. मायक्रॉनच्या आकड्याला भिंगाच्या मिलिमीटरने भागा आणि दहाने गुणा. जे उत्तर येईल तितके सेंटिमीटर, १०० मीटर अंतरावर, एका ठिपक्यात मावतात.

आमच्या पोराच्या यंत्राचे पाहू. १२ मायक्रॉन, भिंग १० मिलिमीटर. १२ भागिले १० म्हणजे १.२, दहाने गुणले की १२. म्हणजे १०० मीटरवर त्याचा एक ठिपका १२ सेंटिमीटरचा. ५०० मीटरवर पाचपट, म्हणजे ६० सेंटिमीटरचा. रानडुकराची खांद्यापर्यंतची उंची धरा ८० सेंटिमीटर. ५०० मीटरवर ते डुक्कर उंचीला दीड ठिपकासुद्धा भरत नाही. मग खोक्यावर ५०० मीटर कसे लिहिले? अशा आकड्यात बहुधा पावणेदोन मीटरच्या आसपास उंचीचा, मोकळ्यावर सरळ उभा असलेला माणूस धरलेला असतो. तो ५०० मीटरवर तीन ठिपक्यांएवढा दिसतो. कंपनी खोटे लिहीत नाही. 'काहीतरी आहे' एवढे दिसण्याचे ते अंतर असते, आणि आपण मात्र ते ओळखू येण्याचे अंतर समजून बसतो.

याविषयी जॉन जॉन्सन नावाच्या माणसाने अमेरिकेत सैन्यासाठी प्रयोग केले होते आणि १९५८ साली ते मांडले. त्याचे मोजमाप आजही जगभर वापरतात. मी त्याला आपल्या भाषेत तीन पायऱ्या म्हणतो : चाहूल, पारख आणि ओळख. वस्तूची उंची दोन ठिपके भरली तर चाहूल लागते, काहीतरी आहे एवढेच कळते. आठ ठिपके भरली तर पारख होते, माणूस की जनावर असा ढोबळ फरक करता येतो. तेरा ठिपके भरली तर ओळख पटते, कोणते जनावर ते सांगता येते. आणि यातली मेख ऐका. जॉन्सनने हे आकडे धरले ते पाहणाऱ्यांपैकी निम्म्या वेळा बरोबर उत्तर येते त्या हिशेबाने. म्हणजे आठ ठिपके भरूनही शंभरातल्या पन्नास वेळा माणूस चुकू शकतो. वावरात एका चुकीची किंमत काय, ते मी वर सांगितलेच.

आता त्या रात्रीचा हिशेब करा. ऐंशी मीटरवर पोराच्या यंत्राचा एक ठिपका साडेनऊ सेंटिमीटरचा. वाकलेली बाई जमिनीपासून ऐंशीएक सेंटिमीटर, म्हणजे आठ ठिपके. त्यातले अर्धे हरभऱ्याआड. उरले चार. त्या चार ठिपक्यांवर मी "डुक्करच आहे" म्हणालो होतो. वाकून पाणी देणारा माणूस आणि रानडुक्कर यांची उंची सारखीच भरते, हे डोक्यात कायमचे बसवून घ्या. हिवाळ्यात रात्रीची लाईन असते तेव्हा आपल्या शिवारात जनावरांइतकीच माणसेही वाकलेली असतात.

ऐंशी सेंटिमीटरचे जनावर ओळखण्याचे अंतर तीन यंत्रांसाठी मी काढून ठेवले आहे. १२ मायक्रॉन, १० मिलिमीटर भिंग : सुमारे ५० मीटर. १२ मायक्रॉन, १९ मिलिमीटर भिंग : सुमारे १०० मीटर. १२ मायक्रॉन, ३५ मिलिमीटर भिंग : सुमारे १८० मीटर. रोही उंच असतो, त्याला यापेक्षा थोडे जास्त धरा. खोक्यावरच्या शेकड्यांपुढे हे आकडे फारच लहान वाटतील, पण राखणीच्या कामाचे हेच आहेत.

मग सर्वांत मोठे भिंग घ्यावे का? तसेही नाही. भिंग वाढले की दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३८४ ठिपक्यांच्या यंत्राला १९ मिलिमीटर भिंग असले तर १०० मीटरवर सुमारे २४ मीटर रुंदीचे वावर एका नजरेत येते. त्यालाच ३५ मिलिमीटर भिंग लावले तर १३ मीटर. बांबूच्या नळीतून शिवार पाहिल्यासारखे होते, आणि जनावर बाजूने निघून जाते. भिंगही मोठे आणि ठिपकेही जास्त हवे असतील तर ६४० चे यंत्र लागते, त्याची किंमत कितीतरी पटींनी जास्त. एका घराने ते घेणे मला पटत नाही. सलग वावरे असलेल्या पाच-सहा घरांनी मिळून मधले एक चांगले यंत्र घ्यावे आणि पाळीने राखण करावी. प्रत्येकाने एकेक हलके यंत्र आणून पाच ठिकाणी पाच जणांनी चार-चार ठिपक्यांवर अंदाज बांधण्यापेक्षा ते बरे.

चौथा आकडा एनईटीडी. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. घरात पोर तापले की आई कपाळाला हात लावून सांगते, "कणकण आहे." बापाच्या राठ हाताला ती कळत नाही. दोन वस्तूंच्या उष्णतेतला किती बारीक फरक यंत्राला कळतो, ते हा आकडा सांगतो. तो मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात देतात. २५ म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग, ५० म्हणजे विसावा भाग. हा आकडा जितका लहान तितके यंत्र चांगले. त्याच्याशेजारी बहुधा 'एफ १.०' असे लिहिलेले असते. ते भिंगाच्या तोंडाचे माप आहे. नरसाळ्याचे तोंड मोठे तर तेल लवकर उतरते, तसे हा आकडा लहान तर उष्णता जास्त आत येते. कधी कधी एनईटीडी एफ १.० धरून छापतात आणि यंत्रात प्रत्यक्षात एफ १.२ चे भिंग असते. मग छापलेला गुण पुरता मिळत नाही. दोन्ही आकडे विचारून घ्या.

आपल्या वऱ्हाडात या चौथ्या आकड्याला फार महत्त्व आहे, त्याचे कारण आपले हवामान. थंडीत जमीन गार, जनावर गरम, म्हणून ते ठळक उठून दिसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. काळी जमीन, धुऱ्यावरचे दगड, मोटारीच्या खोलीची भिंत, सगळे दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत धग टाकत राहतात. जनावराच्या अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांत फरकच राहत नाही. अशा वेळी दगडही पांढरा दिसतो आणि डुक्करही. पूर्णेच्या काठाला डिसेंबरात धुके पडते, पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हाही चित्र फिके होते. आपल्या हवेसाठी ४० च्या आतला एनईटीडी पाहावा असे माझे मत आहे. उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसते, कारण तोवर जमीन निवलेली असते.

पाचवा आकडा हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे. २५ किंवा ५० असेल तर पळते जनावर नीट दिसते. ९ असेल तर चित्र झटके खात पुढे सरकते. उभ्या जनावराला चालेल, पळत्या कळपाला चालणार नाही. पाणी-धुळीपासून बचावासाठी आयपी ६७ लिहिलेले असावे, आणि बॅटरी बदलता यावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते.

एवढे सगळे आकडे चांगले असले तरी एक गोष्ट कोणत्याच यंत्राला जमत नाही. त्याला पानांच्या पलीकडचे दिसत नाही. छातीएवढ्या तुरीत डुक्कर आडवे पडले असेल तर ते तुम्हाला दिसणार नाही. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा आणि राळेगावच्या भागात, टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचा शोध चालला होता, तो तुम्हाला आठवत असेल. वनखात्याने त्या शोधात उष्णता टिपणारे ड्रोनही वापरले होते. तरी झुडपी जंगलात शोध लांबतच गेला, आणि ती मारली गेली ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री. एवढ्या मोठ्या जनावराची ही गत, तर आपल्या हातातल्या यंत्रात काही दिसले नाही म्हणून पुढे काही नाही असे समजून तुरीत शिरू नये. मेळघाटच्या पायथ्याला तर मुळीच नाही. तिथे आडोशाला अस्वलही असू शकते.

आता घेण्याआधीची परीक्षा. दुकानात उजेडात पाहून यंत्र घेऊ नका. दुकानदाराला म्हणा, रात्री मोकळ्यावर दाखव. दिवसा दोराने ५०, १०० आणि २०० मीटरच्या खुणा करून ठेवा. प्रत्येक खुणेवर एक बकरी बांधा आणि तिच्या शेजारी घरच्या एकाला फावडे घेऊन वाकायला सांगा. बकरीची उंची डुकराच्या जवळपासच असते. मग ज्याला कोण कुठे उभे आहे ते ठाऊक नाही अशाच्या हातात यंत्र द्या आणि विचारा, बकरी कोणती, माणूस कोणता? ज्या खुणेवर तो दहापैकी दहा वेळा बरोबर सांगेल, ते तुमच्या यंत्राचे अंतर. खोक्यावर काहीही लिहिलेले असो. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कडू वाटल्या तरी. हेच यंत्र बंदुकीवर बसवायच्या प्रकारातही येते आणि काही तरुण त्याची चौकशी करतात. बाबांनो, रानडुक्कर आणि रोही ही दोन्ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांना मारणे गुन्हा आहे. आपल्याला हवे आहे ते हातात धरून पाहायचे यंत्र. गोफणीच्या दगडाला मी वेळेवर ओरडून वाकडे करू शकलो, गोळीला कोण करणार? दुसरे, तारेच्या कुंपणात घरची वीज सोडू नका. तीही गुन्हाच आहे, आणि त्या तारेला डुक्कर आणि शेजारी यांतला फरक चार ठिपक्यांइतकासुद्धा कळत नाही. जनावर ओळखल्यावर डबा वाजवा, फटाका लावा, लांबून उजेड टाका. नुकसान झालेच तर फोटो काढून लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, उशीर करू नका.

त्या घरी मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. ओसरीवर यंत्राचे खोके होते. पोराने ५०० च्या आकड्यावर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिले होते : ५० मीटर. धुऱ्यावरचा निंब ५० मीटर, विहीर ११० मीटर, असे त्याने दोराने मोजून पाठ केले होते. निंबाच्या अलीकडे आलेल्या जनावरालाच हाकलायचे, पलीकडचे नुसते पाहायचे, असा त्याने स्वतःपुरता नियम केला होता. शेजाऱ्यांशीही ठरले होते. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याने आधी फोन करायचा, आणि वावरात पोहोचल्यावर बॅटरी डोक्यावर धरून तीनदा फिरवायची. आणि ओळख पटल्याशिवाय कोणी गोफणीला हात लावायचा नाही.

मी चहा घेत होतो तेव्हा शेजारची ती सून विरजण न्यायला आली. मला पाहून पदर सावरत म्हणाली, "साहेब, आता दुर्बिनीत मानूस दिसते ना बरोबर?" घरातली सगळी हसली. मीही हसलो, पण घशाखाली चहा उतरायला जरा वेळ लागला. मी म्हणालो, "दिसते, बाई. पन्नास मीटरवर दिसते."

तुमच्या घरी असे यंत्र असेल तर आज रात्री बकरीची परीक्षा करून पाहा, आणि आलेले अंतर खोक्यावर लिहून ठेवा.